भिंतीवरचा खालचा दोरा

निखिलचा फोन आला तेव्हा मी रायपुरात, बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पपई निवडत उभा होतो. "मौसाजी, पापा नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी, तो म्हणाला. "कोणत्या डॉक्टरनं? ड्यूटीवर कोण होता?" पपईवाला माझ्याकडे बघत राहिला. साडू गेल्याची बातमी ऐकून माणूस पहिल्यांदा काय करतो ते मला ठाऊक नाही, मी तपासणी केली. उभी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. शाई वाळली का तेही मी बोट लावून बघत असे. ही सवय निवृत्तीबरोबर जात नाही. बायको म्हणते, यमदूत आला तरी हा माणूस आधी त्याचं ओळखपत्र मागेल.

मनोहर माझा साडू. माझी सुलभा थोरली, त्याची प्रमिला धाकटी. दोघी वर्ध्याकडच्या, दोघींची लग्नं रायपुरात नोकरी करणाऱ्या मुलांशी झाली, आणि मग दोन्ही घरं इथलीच होऊन गेली. मनोहर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. निवृत्तीनंतर चौबे कॉलनीतल्या घराच्या बैठकीत त्याने एक प्लायवूडचा लांबलचक बोर्ड ठोकला. कपाट करून उरलेला प्लाय होता तो. त्यावर आलेखाचे कागद एकापुढे एक चिकटवले आणि शेअर बाजार सुरू केला. रेल्वेतून सुटलेला माणूस रामनाम घेतो, बाग करतो, फार तर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा राहतो. हा बोर्डासमोर उभा राहिला. मला तेव्हाच वाटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय.

त्याची रीत मला त्याने इतक्यांदा समजावली की आता मीही डोळे मिटून सांगू शकेन. एकच शेअर धरायचा. त्याने इथल्याच एका लोखंडाच्या कंपनीचा धरला होता, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे रायपुरात राहून लोखंडाशी अनोळखी राहणं बरं नाही. रोज दुपारी बाजार बंद झाला की त्या दिवशीचा सगळ्यांत खालचा भाव आणि सगळ्यांत वरचा भाव, या दोहोंमध्ये कागदावर एक उभी रेघ ओढायची. रेघांची रांग लागली की दिसतं, भाव एका उंचीला जाऊन पुन्हापुन्हा परततो, आणि एका खोलीला टेकून पुन्हापुन्हा उठतो. त्या वरच्या जागी एक दोरा आडवा ताणायचा, खालच्या जागी दुसरा. दोन्हीकडे बोर्डपिना. भाव खालच्या दोऱ्याजवळ आला की थोडं घ्यायचं, वरच्याजवळ गेला की थोडं विकायचं, मध्ये असला की हात खिशात. आणि भाव खालचा दोरा ओलांडून आणखी खाली उतरला, रोजच्या सरासरी चढउताराहूनही जास्त उतरला, तर सगळं विकून मोकळं व्हायचं. कोणाला विचारायचं नाही, स्वतःलाही नाही.

"हे सगळं तर आता फोनवर निघते ना," मी पहिल्याच दिवशी म्हणालो. "रेघा, सरासरी, सगळं. दोरे काहून?"

"फोनवरची रेघ बोटानं सरकते, साडूभाऊ," तो म्हणाला. "पेन्सिलीची खोडता येते. दोरा सरकवायचा म्हणजे उठा, पिन काढा, दुसरीकडं टोचा... तेवढ्यात माणसाले लाज वाटते."

दोरा प्रमिलाच्या शिवणाच्या डब्यातला होता, गोधडीला लागतो तसा जाड, पांढरा.

मला पटलं नाही हे सांगायला नकोच. माझा पहिला संशय असा, की बोर्ड दाखवायला आहे आणि खरेदी-विक्री कुठल्यातरी दलालाच्या कानगोष्टीवर चालते. दुसरा संशय, की भाव जिथे गेला तिथे हा मागाहून दोरा नेऊन टाचतो आणि म्हणतो, बघा, बरोबर टेकला! बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणारे मी कचेरीत पुष्कळ पाहिले होते. म्हणून रविवारच्या चहाला गेलो की तो आत गेल्यावर मी मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढून ठेवू लागलो. पुढच्या रविवारी घरी येऊन ताडून बघायचो. असे बरेच रविवार गेले. एकदा तो आतून चिवड्याच्या वाट्या घेऊन आला आणि माझ्या हातातला फोन बघून म्हणाला, "थांबा, ट्यूबलाईट लावतो. अंधारात आकडे नाही येत."

त्यानंतर त्याने एक रिवाज पाडला. कधीकधी भाव जुनी जागा सोडून नव्या जागेत रमतो, तेव्हा दोरे बदलावे लागतात. ते तो एकट्याने कधीच बदलत नसे. मला फोन करायचा, "दोरा बदलायचा आहे. पंच पाहिजे, या." मी स्कूटर काढून चौबे कॉलनीत जायचो. तो कारण सांगायचा, मी शंका काढायचो, तो उत्तर द्यायचा, कधी निरुत्तर व्हायचा आणि दोरा तसाच ठेवायचा. पटलं की मी मान हलवायची, मग तो पिन उपटायचा. प्रमिला दारात उभी राहून म्हणायची, "झालं का तुमचं भूमिपूजन? पोहे थंड होऊन राहिले." माझ्या संशयाला त्याने आपल्या घरात पाट मांडून बसवलं होतं. तेव्हा मला वाटायचं हीसुद्धा युक्तीच आहे, चोरानेच फौजदाराला जेवायला बोलवावं तशी.

एका साली भाव खालच्या दोऱ्याच्या चांगलाच खाली गेला. मनोहरने त्याच दिवशी सगळं विकलं. आणि मग, व्हायचं तेच झालं, भाव उलटा फिरला आणि चढत सुटला. कॉलनीतले लोक त्याला चिडवू लागले, "देवतळे साहब, धागा टूटा कि किस्मत?" मी रविवारी मुद्दाम लवकर गेलो. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. जेवण नाही गेलं." मग हसला. "पण साडूभाऊ, सिग्नल लाल असला तर ड्रायव्हर गाडी थांबवते. पुढं लाईन मोकळी होती हे मागून कळते. म्हणून पुढच्या वेळी लाल सिग्नल तोडायचा काय?"

मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, याने गुपचूप परत घेतले असणार. प्रमिलाला स्वयंपाकघरात गाठून विचारलं तर ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासारखा साडू देवानं शत्रूलेही देऊ नये." आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. पुढे भावाची नवी जागा ठरली, मला बोलावून त्याने नवे दोरे ताणले आणि मगच पुन्हा थोडं थोडं घ्यायला लागला.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या छातीत पाणी झालं. भरती करावं लागलं. बंगळूरहून निखिल आला, त्याने पहिलं काम केलं ते बापाचा फोन काढून घेण्याचं. "मार्केट देखेंगे तो बीपी बढ़ेगा," तो म्हणाला. फोन घरी प्रमिलाकडे राहिला. मनोहरने फार हट्ट केला नाही. एकच गोष्ट मागितली, रोजची रेघ चुकू नये. मग प्रमिला रोज दुपारी त्याच्या फोनवर भाव बघून बोर्डावर रेघ ओढायची आणि संध्याकाळी डबा घेऊन इस्पितळात यायची. तो तिच्या हातातल्या डब्याकडे बघायचाच नाही. आधी विचारायचा, "दोऱ्याले टेकला का?"

"नाही टेकला," ती म्हणायची आणि डब्याचं झाकण काढायची. मग तो जेवायचा.

त्या खोलीत दुसऱ्या खाटेवर रायपूरजवळच्या अभनपूरचा एक धान्याचा व्यापारी होता, पाय मोडलेला. सगळे त्याला सेठ म्हणत. त्याच्या मोबाईलवर दिवसभर शेअर बाजाराचं चॅनेल बोंबलत असायचं. मी नर्सकडे तक्रार केली तर मनोहरच म्हणाला, "राहू द्या हो. त्याचा वेळ जाते." मी दुपारी जायचो तेव्हा हे दोघं काहीतरी कुजबुजताना दिसायचे आणि मला बघून गप्प व्हायचे. मला वाटलं, झालं! याने इस्पितळातही दलाल शोधला. पोराने फोन काढून घेतला तर हा दुसऱ्याच्या फोनवरून धंदा करतोय. एकदोनदा मी दाराबाहेर थांबून ऐकायचाही प्रयत्न केला, पण कूलरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

शेवटचा भेटलो ती संध्याकाळ तशीच. त्याने विचारलं, ती "नाही" म्हणाली. त्याने वरणभाताचे चार घास खाल्ले आणि तिला म्हणाला, "दोरा मजबूत आहे आपला." मग माझ्याकडे बघून, "का, पंच?" मी म्हणालो, "मी बघितल्याशिवाय सांगत नसतो." तो हसला, हसताना खोकला आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पपई घेत होतो.

तेरवीला अभनपूरचा सेठ कुबडी टेकत आला. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बड़े अच्छे आदमी थे भैया। रोज बाजार बंद होते ही एक ही भाव पूछते थे। बाकी दुनिया से कोई मतलब नहीं।" मी कान टवकारले. "रोज?" मी विचारलं. "हव, रोज। मैडम के आने से पहले।" तेवढ्यात पंगत बसली आणि त्याला कोणीतरी धरून जेवायला नेलं.

जेवणं उरकल्यावर निखिलने बापाचा फोन उघडला आणि कपाळाला हात लावला. तो शेअर गेल्या काही आठवड्यांत पार कोसळला होता. मनोहरच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यातच पडून होता. "मौसाजी, पापा का तो रूल था ना, नीचे का धागा टूटे तो सब बेचो। फिर बेचा क्यों नहीं?" त्याच्या आवाजात दुःखापेक्षा गोंधळ जास्त होता. मी उठून बोर्डासमोर गेलो. रेघा उतरत उतरत आल्या होत्या, शेवटच्या रेघा प्रमिलाच्या हातच्या, थोड्या वाकड्या. पण एकही रेघ खालच्या दोऱ्याला लागलेली नव्हती.

मी चष्मा पुसला. मग माझ्या फोनमधला फोटो शोधून काढला, मनोहर भरती झाला त्याच्या आधीच्या रविवारचा. दोरा तिथे नव्हता. फोटोत तो चांगला वीतभर वर होता. कागदाजवळ नाक नेलं तर जुन्या जागी पिनेचं भोक, त्याच्या खाली आणखी एक भोक, आणि त्याच्याही खाली आताची पिन. दोरा खाली खाली सरकवला होता, आणि पंचाला कोणी बोलावलं नव्हतं.

मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला. इतकी वर्षं मी याच्यावर संशय घेतला आणि इतकी वर्षं काही सापडलं नाही, म्हणून आत कुठेतरी, मला नकळत, मी त्याला पास करून टाकलं होतं. आणि आता हे! भाव त्याला रोज कळत होता, सेठने सांगितलंच होतं. नुकसान कबूल करवेना म्हणून बायकोला सांगून दोरा खाली घ्यायला लावला, आणि संध्याकाळी तिच्याच तोंडून "नाही टेकला" ऐकायचं नाटक केलं. लाज वाटते म्हणून दोरा, असं म्हणणाऱ्या माणसाने! सगळे पुरावे जुळत होते. प्रमिला चहा घेऊन आली तेव्हा मी सरळच विचारलं, "मनोहरनं तुले हा दोरा सरकवायले कधी सांगितला?"

तिने बशी खाली ठेवली. "यायनं नाही सांगितला, भाऊजी," ती म्हणाली. "मीच सरकवला."

ती दिवाणावर बसली आणि बोर्डाकडे पाठ करून बोलू लागली. "भरती झाल्यावर आठवडाही नव्हता झाला, अन् रेघ दोऱ्याच्या खाली गेली. मी ओढली अन् मले धस्स झालं. आता संध्याकाळी हे विचारतीन. खाली गेला म्हटलं तर म्हणतीन सगळं विका. इतक्या वर्षांचं जमवलेलं... अन् त्या खाटेवर पडल्या पडल्या. डॉक्टरनं म्हटलं होतं, मनाले लागेल असं काही बोलू नका. अन् खोटं मले बोलता येत नाही. लग्नापासून माहीत आहे तुमाले, मी खोटं बोलली की माझी मान आपोआप हलते, हे लगेच ओळखतेत. मग मी पिन काढली अन् दोरा खाली घेतला. म्हटलं, आता दोऱ्याले नाही लागला हे तर खरं आहे ना. मग भाव आणखी उतरला, मी आणखी खाली घेतला."

तपासणीत असा प्रकार मी एकदाच पाहिला होता, आकडे सगळे खरे, फक्त मापाचा गजच आखूड केलेला. पण तो लबाडाने केला होता. संशय सगळ्यांवर सारखा घ्यावा हा आमच्या कामाचा पहिला धडा. या घरात एका माणसाला मी कायमची सूट दिली होती, कारण ती पुरणपोळी वाढत असे.

"सगळा जन्म त्यायनं नियम पाळला," ती म्हणाली. आता ती रडत होती. "अन् शेवटी मी त्यायले फसवलं. त्यायच्याच दोऱ्यानं. विश्वासानं जेवत होते हो ते माझ्या हातचं... कळलंही नाही त्यायले."

माझ्या जिभेवर सेठचं बोलणं आलं होतं. त्याला कळत होतं, प्रमिला, रोज कळत होतं... पण मी ते गिळलं. तेरवीच्या पंगतीत गेलेल्या माणसाबद्दल कोणीही काहीही गोड बोलतं. तिच्या रडण्यावर मला ऐकीव गोष्ट ठेवायची नव्हती. आधी पडताळा हवा.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "भाऊजी, दोरा बदलायचा आहे. पंच पाहिजे." मी गेलो. तिने स्वतःच्या हाताने पिना काढल्या, दोरा पहिल्या भोकात नेऊन टोचला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कितीतरी रेघा आता दोऱ्याच्या खाली लोंबत होत्या. "निखिल, विक," ती म्हणाली. निखिल म्हणाला, "मम्मी, अभी बहुत नीचे है, थोड़ा रुकते हैं।" ती म्हणाली, "लाल आहे ना? मग थांबव गाडी." पुढे भाव वर गेला की खाली, ते मी बघितलेलं नाही, तिनेही नाही. पहिल्याच दिवशी विकलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं एवढं मात्र खरं. तिचं आता पेन्शनवर भागेल, काटकसरीने.

त्यानंतर एका सकाळी मी अभनपूरला गेलो. बाजारपेठेत विचारत विचारत सेठचं दुकान सापडलं. धान्याच्या पोत्यांमध्ये तो पाय लांब करून बसला होता, चॅनेल चालूच. मी त्याला खोदखोदून विचारलं, जसं कचेरीत विचारायचो तसं. कोणता शेअर? त्याने बरोबर नाव सांगितलं. किती वाजता विचारायचे? बाजार बंद झाला की. मग मी विचारलं, भाव इतका पडत होता, तर तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?

"बोला ना, भैया। कितनी बार बोला। भैया, नीचे का लेवल टूट गया है, लड़के को बोलकर निकल जाओ, और गिरेगा।" सेठने चॅनेलचा आवाज कमी केला. "तो हँसते थे। बोलते थे, 'सेठ, हमारे घर में अभी नहीं टूटा है।' मैं आज तक नहीं समझा, इसका क्या मतलब हुआ।"

मी त्याला समजावलं नाही. उठून बाहेर आलो आणि बसस्टँडवर बसून राहिलो, दोन बस निघून गेल्या. मनोहरला भाव ठाऊक होता. जुना दोरा कुठे होता हे तर त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. मग रोज संध्याकाळी प्रमिलाची मान न हलता आलेलं "नाही" ऐकून त्याला काय कळलं असेल हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही. तिने काय केलं, कशासाठी केलं, सगळं त्याने ओळखलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लाल सिग्नलवरून गाडी जाऊ दिली. पैसा बुडत होता, त्याला दिसत होता, आणि तो वरणभात खात होता. "का, पंच?" असं त्याने मला विचारलं होतं. मला वाटलं, थट्टा करतोय. तो मला दोरा बदलल्याची नोंद घ्यायला सांगत होता आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो, बघितल्याशिवाय सांगत नसतो.

हे मी प्रमिलाला अजून सांगितलेलं नाही. दोनदा चौबे कॉलनीत गेलो, दोन्हीदा चहा पिऊन परत आलो. तोंडाने सांगायला गेलो की माझी मान हलते की काय अशी भीती वाटते. दोऱ्याची गोष्ट लिहू का, असं मात्र तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिहा, पण मले चांगली म्हणून रंगवू नका." रंगवलेलं नाही. बोर्ड अजून भिंतीवर आहे, रेघा जिथे थांबल्या तिथेच थांबल्या आहेत, निखिलने काढू का विचारलं तर नको म्हणाली. हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी प्रमिला दर रविवारी त्याच बोर्डाखाली दिवाणावर बसून वाचते, आधी कोडं सोडवते, पाककृती बघते, मग बाकीचं. म्हणजे इथवर पोचायला तिला दुपार होईल.

प्रमिला, त्याला माहीत होतं. अभनपूरला जाऊन मी स्वतः तपासून आलो आहे, या वेळी माझ्या मनात काही शंका नाही. तू त्याला फसवलं नाहीस. तू "नाही" म्हणायचीस, ते ऐकायला तो दिवसभर थांबायचा.